गोलकीपरने ‘येते’ म्हणावं

फुटबॉल खेळणाऱ्या मुलीच्या आईकडे किस्से कसे साठतात, ते आमच्या गाडीची डिकी उघडलीत की कळेल. एक चिखलाचा मोजा ओढावा, तर त्याला चिकटून दुसरा बाहेर येतो, आणि दुसऱ्यात कुणाची तरी हेअरक्लिप सापडते. ती आपल्या मुलीची नसतेच!

पण आधी काळजी. ती असल्याशिवाय मला बोलायला सुरुवातच करता येत नाही. गेल्या वर्षी कित्येक आठवडे माझी झोप उडाली होती. सईला, माझ्या सोळा वर्षांच्या मुलीला, सिक्स्थ फॉर्मची, म्हणजे आपल्या अकरावी-बारावीची, दोन वर्षं फुटबॉल खेळत करायची होती, आणि तिला आवडलेलं कॉलेज होतं तीन तासांवर, डेव्हनमध्ये. आम्ही राहतो इंग्लंडात, लंडनजवळच्या ब्रॅकनेलला. म्हणजे टर्मभर तिथंच राहायचं. कॉलेज लहान, गाव त्याहून लहान आणि आमच्या बाईसाहेबांचा आवाज सगळ्यांत लहान. ही मुलगी टेस्कोच्या दुकानात रांगेत उभी असताना मागचा माणूस पुढे घुसला, तर त्यालाच ‘सॉरी’ म्हणते. तिथं भूक लागली, ताप आला, तर ही सांगणार कुणाला?

निखिल, म्हणजे नवरा, म्हणाला, “अगं, मेसेज करेल ना.” आणि कूस बदलून झोपला. आयटीतल्या माणसांना सगळं मेसेजने सुटतं असं वाटतं.

* * *

सई गोलकीपर झाली ती थंडीमुळे. लहान होती, जानेवारी होता. मी तिला दोन थर्मल, एक स्वेटर आणि वर टीमचा शर्ट घालून पाठवलं होतं. त्यात तिला हात खाली करता येत नव्हते. कोचने विचारलं, “गोलमध्ये कोण उभं राहील? ग्लोव्ह्ज मिळतील.”

एकटीचा हात वर होता. होताच तो वर!

पुण्याला व्हिडिओ कॉलवर आजीला, म्हणजे माझ्या सासूबाईंना, हे सांगितलं. त्यांनी नीट विचार केला. “म्हणजे बाकीच्या पळणार आणि ही उभी राहणार?”

“हो.”

“छान आहे. पायात ते खिळ्यांचे बूट घालून पळायचं म्हणजे पडायची भीती.”

पुढच्या आठवड्यात सई दोन्ही गुडघे फोडून घरी आली. उभं राहण्याच्या खेळात!

* * *

हात चांगले, नजर चांगली, आवाज नाही. दर वर्षी कोच हेच सांगायचा. गोलकीपर बॉल घ्यायला पुढे निघाली की तिने मोठ्याने ओरडायचं असतं, म्हणजे तिच्याच टीमच्या मुली मध्ये कडमडत नाहीत. बाकीच्या टीम्सच्या गोलकीपर ‘कीपर!’ असं ओरडायच्या की शेजारच्या बागेतले कुत्रे बसायचे.

सई एका मॅचमध्ये पुढे आली आणि मी माझ्या कानांनी ऐकलं. ती म्हणाली, “एक्सक्यूज मी...”

गोल झाला.

कोच माझ्याकडे येऊन प्रेमाने म्हणाला, “शी नीड्स टु बी अ बिट रूड, मम.”

मी काय सांगणार? ‘हळू बोल’, ‘थँक्यू म्हण’, ‘मोठ्यांच्या मध्ये बोलू नको’, एवढं शिकवण्यात माझी उमेदीची सगळी वर्षं गेली. मी लवकर आई झाले, त्यामुळे सगळं पुस्तकात वाचून केलं. रूड कसं व्हायचं, याचं प्रकरण माझ्या पुस्तकात नव्हतं.

* * *

घरात मात्र ती एका गोष्टीवर वाद घालायची. दारातून निघताना म्हणायची, “आई, जाते.”

“सई, ‘जाते’ म्हणू नये. ‘येते’ म्हणावं.”

“पण मी जाते आहे.”

“तरी ‘येते’ म्हणायचं.”

“दॅट्स द ऑपोझिट ऑफ व्हॉट आय ॲम डूइंग!”

आजी फोनवरून मदतीला धावल्या. “अगं, जाते म्हटलं की घर रिकामं वाटतं. येते म्हटलं की तू परत येणार, हे ठरलं.”

सईने हे पटवून घेतलं नाही, पण सवय करून घेतली. शाळेत, ट्रेनिंगला, कोपऱ्यावर दूध आणायला जातानाही ‘येते’. एकदा तर दूध आणायला जाताना माझ्यावर चिडून दार आपटलं आणि बाहेरून ओरडली, “येते!”

दूध न घेताच परत आली. पण आली.

* * *

कॉलेजं बघायची वेळ आली. पहिलं मोठं होतं. तीन पिचेस, म्हणजे मैदानं, काचेची जिम, रिसेप्शनमध्ये झाड. खरं झाड! निखिल तर कार पार्क बघूनच विरघळला. “बघ, चार्जिंग पॉइंट किती आहेत!”

तिथल्या कोचने तासभर सगळं दाखवलं. शेवटी सईने हळूच विचारलं, “गोलकीपर किती आहेत?”

“यू’ड बी जॉइनिंग अ व्हेरी स्ट्राँग ग्रुप,” तो म्हणाला.

गाडीत बसल्यावर ती म्हणाली, “आई, मला वाटतं, तिथे बेंचसाठी पण वेटिंग आहे.”

तरीही मला ते कॉलेज हवं होतं. घरापासून बसने जाता येत होतं. मी जाहिरातीसारखी बोलत राहिले. झाडाबद्दलसुद्धा बोलले.

* * *

डेव्हनचं कॉलेज बघायला गेलो, तर गेटवर मेंढ्या. मी निखिलला म्हटलं, “मॅप चुकला.” मॅप बरोबर होता. पिच एकच, आणि त्यावर गवत कापणारी बाई आमच्याकडे बघून थांबली, मशीन बंद केलं, हात पुसले आणि म्हणाली, “यू मस्ट बी माय कीपर!”

ती कोच होती. भूगोलही तीच शिकवायची. माझी मुलगी तिची कधी झाली, असं माझ्या अगदी ओठांवर आलं होतं.

कॉलेजच्या टीमकडे गोलकीपरच नव्हती. आदल्या वर्षभर एक मिडफिल्डर रडत रडत गोलमध्ये उभी राहत होती. ही बातमी ऐकून सईच्या चेहऱ्यावर जे तेज आलं, ते परीक्षेच्या निकालालाही आलं नव्हतं.

ट्रायल सुरू झाली. मैदानाच्या कोपऱ्यातून कॉर्नर किक आली, बॉल उंच, तीन अनोळखी मुली मध्ये. सई पुढे झेपावली. ‘कीपर’ हा शब्द आयत्या वेळी तिला सापडलाच नसावा. डोक्यात जे होतं ते तोंडातून आलं, आणि पूर्ण आवाजात आलं,

“येतेऽऽ!”

तिन्ही मुली घाबरून बाजूला झाल्या. बॉल सईच्या हातात.

मेंढ्यासुद्धा बघायला लागल्या.

“व्हॉट वॉज दॅट?” कोचने विचारलं.

“सॉरी,” सई परत आपल्या आवाजावर आली. “इट्स मराठी. इट मीन्स... आय ॲम कमिंग.”

“डोंट बी सॉरी. अगेन!”

येताना गाडीत तिने ग्लोव्ह्ज काढून मांडीवर ठेवले. मग म्हणाली, “आई, तिथे माझा आवाज आला.”

खरं तर मराठीत आवाज ‘फुटला’ म्हणायला हवं. मी सुधारलं नाही.

* * *

आता हे लोकांना सांगायचं! मराठी मंडळाच्या माघी गणपतीत हाउन्सलोच्या काकूंनी गाठलंच. त्या एअरपोर्टवर काम करतात आणि प्रश्नही इमिग्रेशनसारखे विचारतात.

“कुठलं कॉलेज म्हणालीस?”

मी नाव सांगितलं.

“ऐकलं नाही गं कधी.”

“लहान आहे, काकू.”

“किती लहान? ऑनलाइन आहे का?”

मी मोदक तोंडात घातला. तोंड भरलेलं असलं की माणसाला खोटं बोलावं लागत नाही. तेवढ्यात सई शेजारून म्हणाली, “काकू, तिथे मी फर्स्ट चॉइस आहे.”

“आणि इथं नाहीस का मग?”

“इथे मी आईची फर्स्ट चॉइस आहे,” ती म्हणाली. “पण आई फुटबॉल खेळत नाही.”

काकूंनी दुसरा मोदक तिलाच दिला.

* * *

उन्हाळ्यात सई ट्रेनिंगसाठी आठवडाभर तिकडे राहून आली. सगळ्या टीमने तो शब्द उचलला होता. ‘येते’ ऐकलं की बॉल सोडायचा, बाजूला व्हायचं आणि गोलकीपरला वाट द्यायची, हा तिथला नियमच झाला. फक्त डेव्हनच्या तोंडात तो बसेना. आधी ‘येटे’ झाला, मग ‘येटी’. आता सईचंच नाव येटी आहे.

आजींना मी समजावून सांगितलं की येटी म्हणजे हिमालयातला तो केसाळ, बर्फात राहणारा प्राणी.

“बर्फात?” आजी म्हणाल्या. “मग दोन जास्तीचे स्वेटर दे तिला.”

* * *

सप्टेंबरात तिला सोडायला गेलो. खोली लावली, डबे लावले, खिडकी उघडते का बघितलं, मग बंद होते का बघितलं. मी रडायचं नाही असं ठरवलं होतं. निखिलने तसं काही ठरवलेलं नसल्यामुळे तो कार पार्कात जाऊन रडून आला.

दुपारी कोचने मुलींना पिचवर बोलावलं. आम्हालाही निघायचं होतं. निरोपाचं एक चांगलं वाक्य मी वाटेतल्या साल्सबरीपासून मनात घोळवत आणलं होतं. पण सई तोपर्यंत ग्लोव्ह्ज चढवून गोलमध्ये पोचली होती, आणि गोलकीपरला मध्येच बाहेर बोलवायचं नसतं, एवढं मलाही आता कळतं.

मी गोलच्या बाजूला, रेषेबाहेर जाऊन उभी राहिले. चांगलं वाक्य आठवेना. रडू फुटू नये म्हणून मी उगाच मोठ्या आवाजात, अगदी आपल्या दारातून निघाल्यासारखं म्हटलं,

“सईऽऽ, येते गं!”

मी कॉर्नर किक बघितलीच नव्हती. बॉल हवेत होता. सईसमोरच्या दोन्ही डिफेंडर, गुणी पोरी, चटकन बाजूला झाल्या. बॉल त्यांच्या मधोमध पडला, एक टप्पा खाल्ला आणि सरळ गोलमध्ये गेला.

सगळं पिच माझ्याकडे बघायला लागलं. कोचने टोपी काढून डोळ्यांवर धरली. निखिल दोन पावलं लांब सरकला, जणू मी त्याच्याबरोबर आलेच नव्हते.

सईने जाळीतून बॉल काढला. कमरेवर ग्लोव्ह ठेवला. आणि त्या मेंढ्यांपर्यंत पोचेल अशा आवाजात म्हणाली,

“आई! इथे ‘येते’ फक्त मी म्हणते! तू ‘जाते’ म्हण!”