बूट बाहेर
पदवीदान समारंभासाठी बाबा नागपूरहून आले, तेव्हा इंग्लंडमधली, कॉव्हेंट्रीतली माझी खोली सुटून चार महिने झाले होते. नोकरी लागल्यामुळे मी लंडनमध्ये स्टॅनमोरला राहत होते. आईला शाळेतून रजा मिळाली नाही, म्हणून बाबा एकटेच आले. सकाळी नऊला गाऊन घ्यायला हजर राहायचं होतं, त्यामुळे आदल्या संध्याकाळीच कॉव्हेंट्रीच्या सिटी सेंटरमधल्या एका स्वस्तातल्या गेस्टहाउसवर उतरायचं ठरलं. खोली मीच ऑनलाइन शोधली. समारंभाच्या हॉलपासून चालत सात मिनिटं, एवढंच वाचलं. तिसरा मजला आहे आणि लिफ्ट नाही, हे खाली बारीक अक्षरात लिहिलं होतं. बारीक अक्षरं वाचायचा मला पहिल्यापासून कंटाळा.

बाबांना लहानपणी पोलिओ झाला होता. डावा पाय अडीच इंच आखूड. नागपुरातल्या एकाच कारागिराकडून ते वर्षानुवर्षं जाड तळाचा काळा बूट करून घेतात. तो पायात असला की बाबा कुठेही जातात. वीज खात्यातली सगळी नोकरी त्यांनी त्या बुटावर केली. तो नसला की भिंत धरून चार पावलं, बस.

गेस्टहाउसमध्ये माणूस म्हणून नव्हताच. दाराचा कोड फोनवर आला, किल्ली भिंतीवरच्या डब्यात होती. काउंटरवर घंटी होती, ती आम्ही दोघांनी वाजवून बघितली.

"आपल्याकडे निदान झोपलेला तरी कोणी असतो," बाबा म्हणाले.

खोलीत दोन पलंग आणि मधे एक जण जेमतेम उभा राहील एवढी जागा. बाथरूम बाहेर पॅसेजमध्ये. मी उद्याची हिरवी साडी एका पलंगावर पसरली, आईनं पाठवलेला चिवड्याचा डबा दुसऱ्यावर उघडला. तेवढ्यात जिने चढून धापा टाकणारे बाबा बूट घालूनच आत आले आणि डब्याशेजारी टेकले. माझं डोकं फिरलं. खरं तर राग माझा माझ्यावरच होता, त्या तीन जिन्यांचा. निघाला मात्र बाबांवर.

"बाबा, बूट बाहेर काढा ना! खायचं ठेवलंय इथे."

ते निमूट उठले. बूट काढून दाराबाहेर भिंतीला लावून जोडीनं ठेवले. आमच्या घरी पायातल्याची जागा दाराबाहेर, आणि ती तशीच असते हे कुणी कुणाला सांगावं लागत नाही. हे घर नाही, लोकांचा पॅसेज आहे, हे दीड वर्ष या देशात काढूनही माझ्या डोक्यात आलं नाही.

सकाळी सात वाजता दार उघडलं तर भिंत रिकामी.

पॅसेजच्या टोकाला कागद चिकटवलेला होता. आगीच्या नियमाप्रमाणे इथे काहीही ठेवू नये, ठेवल्यास उचललं जाईल. मी नंबर फिरवला. ऑफिस दहाला उघडतं, असं टेप केलेल्या गोड आवाजात कळलं. तीनदा मेसेज ठेवला. खाली स्टाफचं दार कुलूपबंद. शेजारच्या खोलीतून दात घासत बाहेर आलेल्या माणसाला विचारलं, तर तो मनापासून सॉरी म्हणाला आणि आत गेला. दुसरा बूट आणायची सोय नव्हती. असा बूट दुकानात मिळत नाही.

"बाबा, टॅक्सी दाराशी बोलावते. हॉलवर व्हीलचेअर अरेंज करतील, मी फोन करते."

"खालपर्यंत तर पोचू दे आधी," बाबा म्हणाले.

बाथरूमच्या रबरी चपला घालून ते निघाले. एक हात कठड्यावर, एक माझ्या खांद्यावर. जिना अरुंद, वरचा गालिचा झिजून गुळगुळीत झालेला. सातव्या पायरीवर चप्पल निसटली आणि ते गुडघ्यावर आपटले. तिथेच पायरीवर बसून गुडघा चोळत राहिले. कोट, टाय आणि रबरी चपला.

"आठ चाळीस झाले. तू जा. नाहीतर दोघांचंही राहील."

मला त्यांना उचलता येत नव्हतं, खाली नेता येत नव्हतं, आणि सोडून जाववतही नव्हतं. शेवटी कसंबसं परत वर नेऊन खोलीत बसवलं, त्यांच्या फोनवर समारंभाचं लाइव्ह लावून दिलं आणि साडी वर धरून पळत सुटले.

माझं नाव पुकारलं गेलं. बाबांच्या तिकिटावरचा नंबर मला पाठ होता, म्हणून स्टेजवरून नजर आपोआप तिकडे गेली. त्या खुर्चीवर शेजारच्या बाईंनी आपला कोट ठेवला होता.

दुपारी परतले तर बाबा बूट घालून पलंगावर बसलेले. सफाईवाल्या बाई दहाला आल्या होत्या. आदल्या रात्री घरी जाताना त्यांनीच ते बूट कपाटात ठेवले होते. कुणीतरी विसरून गेलं असं त्यांना वाटलं. बिचाऱ्यांनी बाबांना चहा करून दिला आणि दहा वेळा सॉरी म्हटलं. तोवर माझं नाव पुकारून झालं होतं.

आता बाबा बोलतील, म्हणून मी खाली मान घालून उभी राहिले. बोलायला हवं होतं त्यांनी. ओरडले असते तर बरं झालं असतं.

"छान दिसलीस," ते म्हणाले. "जरा पोक काढून चालतेस, तेवढं बघ."

नागपुरात हा किस्सा ते येईल त्याला सांगतात. "आमची सवय बघा! तिकडे जाऊनही बूट दाराबाहेर काढून ठेवले, अन् लेकीची पदवी हुकली!" लोक हसतात. आई दरवेळी चिडते. परवा रविवारी व्हिडिओ कॉलवर आत्या होती, तिलाही सांगून झालं, आणि आई पुन्हा सुरू झाली, "अहो, एवढंही कळू नये तुम्हाला?"

"आई, ते बूट..." मी म्हटलं.

"अगं, थंडी किती आहे तुझ्याकडे, ते सांग आधी," बाबा मधेच म्हणाले.

आणि मी थंडी किती आहे ते सांगितलं.