हात भरून बांगड्या

आज कूलर सुरू केला आणि ओल्या वाळ्याचा वास घरभर पसरला. त्या वासासरशी मी सक्करदऱ्याला, माहेरच्या एका दुपारी जाऊन उभी राहिले.

माझ्या मुक्ताला दिसत नव्हतं. सहा वर्षांची होती. सुट्टीत त्या सवय नसलेल्या घरात मी कुठे आहे ते तिला कळावं, म्हणून मी दोन्ही हातांत काचेच्या बांगड्या भरून घ्यायचे. त्या दुपारी दादाने नवा मोठा कूलर लावला. गार वारा सुटला, सगळे खूश झाले. मुक्ता मात्र खोलीच्या मधोमध हात पसरून किंचाळली, "आई, कुठं गेली वं?"

मी स्वयंपाकघरातून बांगड्या वाजवत धावले. कूलरच्या घरघरीत तिला काहीच ऐकू जात नव्हतं. तेवढ्यात लाईट गेली. सगळे वैतागले, तिने मात्र चटकन माझ्याकडे मान वळवली.

"तू काहून चालली गेली होती?"

"मी इथंच होती, बाई."

पुढच्याच वर्षी तापात मुक्ता गेली. आता माझ्या हातात दोनच बांगड्या असतात. लाईट जाऊन कूलर थांबला, की मी त्या वाजवते आणि लाईट येईपर्यंत ऐकत राहते.