फ्रँकफर्ट ते मुंबई, आठ तास

आईला कऱ्हाडच्या दवाखान्यात अतिदक्षता विभागात ठेवल्याचं मावशीनं, दादा नको म्हणत असताना, कळवलं, तेव्हा पहिला राग आला तो दादाचा. बाबांच्या वेळीही त्यानं असंच केलं होतं. "तू एवढ्या लांब, उगाच जिवाला घोर," म्हणत आजार लपवला आणि मी पोहोचलो तेव्हा सगळं आटोपलं होतं. तेव्हापासून त्याचा नंबर मी ब्लॉक केलेला. दुसरा राग कुलदेवीचा. इकडे परदेशात, त्सुफेनहाउझेनमध्ये भाड्याच्या गॅरेजात गाड्यांचे सुटे भाग विकत मी धंदा उभा केला, कुणापुढे हात पसरला नाही. मागितलं ते फक्त तिच्याकडे, आणि तेही व्यवहारानं: तू हे दे, मी ते वाहतो. माझ्या बाजूनं मी कधी चुकलो नव्हतो, तरी आई आजारी.

फ्रँकफर्टला विमानतळावर आलो तर संपामुळे विमान रद्द. मुंबई साडेसहा हजार किलोमीटर, सरळ गेलं तर आठ तास, पुढे कऱ्हाडपर्यंत गाडी. घरून निघाल्यापासून हाच हिशेब डोक्यात घोळत होता. काउंटरवरची बाई शांतपणे म्हणाली, उद्या. इस्तंबूलवरून पाठवा, दोह्यावरून पाठवा, उभा राहून जातो, असं सगळं भांडून झालं. जागाच नव्हती. मग बाजूला होऊन मी चक्क मोठ्यानं देवीला सुनावलं, "मी पोहोचेपर्यंत आईला ठेव. पैठणी नेसवतो तुला. नाहीतर तुझं माझं संपलं!"

"अहो, ती काय मंडईत बसलीय घासाघीस करायला?"

मागच्या बाकावर एक काकू होत्या. एर्लांगेनच्या मुलीकडून पुण्याला निघालेल्या, त्याच विमानाच्या. मी त्यांच्यावरही खेकसलो. त्यांनी शांतपणे विचारलं, "आईजवळ कोण आहे?"

"भाऊ. त्याच्याशी मी बोलत नाही."

"नका बोलू. फोन तिच्या कानाला धरायला सांगा. की फोनलाही आठ तास लागतात?"

असा संताप आला! तरी फोन काढला. नंबर मोकळा केला, लावला. "आईच्या कानाशी धर," एवढंच म्हणालो. "कालपासून डोळे उघडले नाहीत रे," दादा म्हणाला, आणि धरला. मी ओरडलो, "आई, मी येतोय!" सगळा हॉल वळून बघायला लागला. पलीकडे नुसता यंत्रांचा आवाज. मग बारीक, वैतागलेला स्वर आला, "ओरडतोस कशाला? येतंय ऐकू."

मी काकूंच्या शेजारी बसून रडलो. त्यानंतर आई कुणाशीच बोलली नाही. दुसऱ्या दिवशी मी विमानात असतानाच ती गेली.

कऱ्हाडला मी भांडायच्या तयारीनंच उतरलो. अंगणात माणसं खोळंबली होती. भावकीतले जाणते घाई करत होते आणि दादा दारात आडवा उभा होता. "आईला अग्नी धाकट्यानं द्यायचा," तो म्हणत होता, "तो येईपर्यंत कुणी हात लावायचा नाही." मला बघून त्यानं मडकं माझ्या हातात दिलं. भांडण तिथंच ठेवून मी तिरडीपुढे चालायला लागलो.

राग गेला असं लिहिलं तर खोटं होईल. लपवलंच त्यानं, दोनदा. पण आईचा तो आवाज मी मागितला नव्हता, आणि तो मला दादाच्या हातून मिळाला. देवीशी अजून भांडतो मी. फक्त तिला आता अट घालत नाही. ती देते तेव्हा, ती देईल त्याच्या हातून, घ्यायचं.