तिसऱ्या स्लॅबचं जेवण

वर्दी उतरवून काही वर्षं झाली. खून पाहिले, दरोडे पाहिले, त्यातले निम्मे विसरलोसुद्धा. पण नेरळकडची ती बाई काही केल्या मनातून जात नाही.

कोरोनाचे दिवस होते. घरखरेदीला चालना मिळावी म्हणून सरकारने मुद्रांक शुल्कात काही महिन्यांपुरती सवलत दिली होती. मुदतीच्या आत करारनाम्याची नोंदणी झाली की काम झालं. पैसे मात्र नेहमीसारखेच, बांधकाम चढेल तसे, स्लॅबगणिक द्यायचे. ही साधी गोष्ट भल्याभल्यांना ठाऊक नव्हती. खरं सांगतो, मलाही नव्हती.

बाई एका दवाखान्यात आया होती. नवऱ्याच्या दोन्ही किडन्या गेलेल्या. भाड्याच्या खोलीत राहायचे. डोळे मिटायच्या आत एकदा स्वतःच्या घरात निजायचं, एवढाच त्याचा ध्यास. बिल्डरचं पत्र तिने माझ्यापुढे ठेवलं. तिसरा स्लॅब पूर्ण झाला आहे, सवलत संपण्याआधी उरलेली सगळी रक्कम भरा, नाहीतर जुन्या दराने मुद्रांक शुल्क लागेल, असं त्यात होतं. सोबत स्लॅबचा फोटो. नोंदणी केव्हाच झालेली असताना बिचारीने नवऱ्याचा सगळा फंड भरून टाकला होता.

"कोरोनाच्या नावाखाली आत कुणाला सोडीत नायत. मी पत्र्याच्या फटीतून बघून आले, साहेब. तिसरा स्लॅब नायच तिथं, नुसत्या सळया हायत."

बंदोबस्ताने मी वैतागलो होतो. "बाई, हे दिवाणी प्रकरण आहे. वकील गाठा," म्हणालो आणि पत्र परत केलं. ती गेली. मी पुढच्या कामाला लागलो.

सहाव्या दिवशी कशेळ्याकडचा एक मुकादम मोबाईल हरवल्याचा दाखला घ्यायला आला. त्याच वेळी हवालदार साईटचं नाव घेऊन मला सांगत होते, त्या बाईचा परत फोन होता, तिसऱ्या स्लॅबचं विचारतेय. साईटचं नाव ऐकून मुकादम बाकावरून उठलाच.

"तिसरा? ओ साहेब, तिथं आमचीच गँग होती. आमी दोनच टाकले. तिसऱ्याचं जेवण कुठं जेवलो आमी?"

आमच्या भागात स्लॅब टाकून झाला की मालकाने मजुरांना जेवू घालायचं, ही रीतच. मजुरी मागेपुढे झाली तर चालेल, पण ते जेवण चुकलं की गँग दुसऱ्या दिवशी कामावर येत नाही.

आम्ही साईटवर जाऊन पंचनामा केला. बाईचं म्हणणं शब्दशः खरं निघालं. फोटो शेजारच्या इमारतीचा होता. बाईला बोलावून तिचा जबाब आणि पत्र घेतलं, त्याच रात्री गुन्हा नोंदवून बिल्डरला उचलला. गडी मुरलेला. म्हणाला, "स्लॅब टाकला होता, माल खराब निघाला म्हणून तोडला. सगळे पैसे त्यातच गेले." तोडल्याचा राडारोडा कुठाय? तर म्हणे भरावाला गेला. दोन तास हेच चाललं होतं.

मग मी सहज विचारल्यासारखं विचारलं, "स्लॅबच्या दिवशी मजुरांना जेवण दिलंत का?"

"म्हणजे काय! मटण-भाकरी. मी स्वतः उभं राहून वाढलं."

पत्रातली स्लॅबची तारीख मी भिंतीवरच्या कालनिर्णयावर शोधली. मार्गशीर्षातला गुरुवार. साक्षीला थांबवलेल्या मुकादमाला आत बोलावलं. तो भडकलाच. "मार्गशीर्षात, त्यात गुरुवारी मटण? आमच्या गँगमधल्या निम्म्या बाया उपास करतात! काय बोलतो काय हा?"

बिल्डर पाणी मागायला लागला. बाहेर बसलेल्या त्याच्या सुपरवायझरला मी तोच प्रश्न केला, तर तो म्हणाला, वडापाव वाटले. दोघांची उत्तरं समोर ठेवल्यावर सुपरवायझर ढसाढसा रडला. पत्रावरचा आर्किटेक्टचा खोटा शिक्का कुठे बनवला तेही त्याने दाखवलं. अशी पत्रं साईटवर घर घेणाऱ्या प्रत्येकाला गेली होती.

बिल्डरचं खातं रिकामं निघालं, पण आरोपपत्र दाखल झालं, वरिष्ठांनी पाठ थोपटली. नंतर नवीन पोरं रुजू झाली की मी त्यांना बजावायचो, 'दिवाणी आहे' हे तोंडातून काढण्याआधी माणसाचं पूर्ण ऐका आणि एकदा जागेवर जाऊन या. चोरापेक्षा आपला कंटाळा जास्त नुकसान करतो. हे शहाणपण मला कुणी शिकवलं, ते मात्र त्यांना कधी सांगितलं नाही. लाज वाटायची.

काही महिन्यांनी ती बाई जबाबाची नक्कल न्यायला आली. कपाळ मोकळं होतं. नवरा त्या भाड्याच्या खोलीतच गेला होता. मी खुर्ची दिली, चहा मागवला. तिने चहाला हात लावला नाही.

"साहेब, मी पयल्या दिवशी आले तवाच लिवून घेतलं असतं, तर पैसं मिळालं असतं का वो?"

आवाजात राग नव्हता. तिला खरंच जाणून घ्यायचं होतं. मी म्हणालो, "सांगता येत नाही, ताई."

खोटं बोललो. बिल्डरच्या बँक खात्याचा उतारा माझ्याच फायलीत होता. ती पहिल्यांदा आली त्या दिवशी सगळे पैसे खात्यात होते.