पाऊण तासावरचे रायपूर

मावसाजी अंतर विमानात मोजत. त्यांचे गाव भिवापूर, तिथे धुळीच्या बसने जावे लागे, तरी तेही ‘विमानानं दहा मिनिटं’ असे सांगत. मिरचीच्या वावरात विमान उतरणार कुठे, हे त्यांना कोणी विचारत नसे. मी तर नाहीच. कॉलेजसाठी मी त्यांच्याकडे नागपूरला राहत होते, आणि माझ्या कॉन्व्हेंटमधल्या मराठीला ते पाहुण्यांसमोर हसत, म्हणून मी कमीच बोले.

ते आयुष्यात एकदाच विमानात बसले होते, ऑफिसातल्या साहेबांची बॅग सांभाळायला, नागपूर ते रायपूर. विमानतळावर बॅगेला लावलेली चिठ्ठी त्यांनी पुढे स्वतःच्या पिशवीला बांधली आणि ती पिशवी घेऊन ते भाजीला जात. नव्या ओळखीच्या माणसाला दुसऱ्याच वाक्यात त्या प्रवासाचा पाऊण तास ऐकावा लागे. “चहाचा कप ठेवला न ठेवला, तं वैनगंगा मांगं पडली होती गा.”

मावशीचे माहेर, म्हणजे माझे आजोळ, रायपूरचे. तिने आईकडे जायचा विषय काढला की म्हणत, “रायपूर काय वं, केव्हाही जाऊ. पाऊण तास.” मावशी पोळ्या लाटत राही. रेल्वेने पाठवणे त्यांना कमीपणाचे वाटे आणि विमानाने नेणे त्यांच्याने होत नसे. त्यामुळे इतके जवळचे गाव तिला लग्नानंतर दिसलेच नव्हते.

एका मंगळवारी सकाळी रायपूरहून तार आली, आई अत्यवस्थ. मावशीने कपडे भरले. मावसाजींनी मला शेजारच्या डॉक्टरांकडे फोन करायला पिटाळले. विमानाची चौकशी इंग्रजीतच व्हायला हवी होती, आणि माझे शिक्षण त्यांना एवढ्यापुरते चाले. विमान काही रोज नव्हते. त्या दिवशीचे गेले होते, पुढचे शुक्रवारी. मी येऊन तसे सांगितले.

“शुक्रवार तं शुक्रवार,” ते मावशीला म्हणाले. “तू काहून घाबरून राहिली वं? रेल्वेत दिवसभर धक्के खाशीन. विमानानं लवकर पोचतो आपण.”

मधले तीन दिवस त्यांच्या हिशेबात नव्हतेच. विमानाने जाणार, ही बातमी घेऊन ते पानठेल्यावर गेले. मावशीने मला हळूच विचारले, रेल्वेचेही विचारलेस का. मी विचारले होते. आम्ही दोघी रिक्षा करून स्टेशनवर गेलो आणि रायपूरची गाडी पकडली.

आजीने मावशीला ओळखले. बुधवारी दिवसभर मावशी तिला चमच्याने पेज भरवत होती. गुरुवारी पहाटे आजी गेली.

मावसाजी शुक्रवारी आले. इस्त्रीचे कपडे, बॅगेला नवी चिठ्ठी. सुतकाच्या घरात सतरंजीवर बसता बसता त्यांनी सासऱ्यांना, म्हणजे आजोबांना, सांगायला सुरुवात केली, की नागपूर म्हणजे काही लांब नाही, बसलो आणि उतरलो. आजोबा शांतपणे ऐकत होते. मग अगदी साधेपणाने त्यांनी विचारले, “इतकं जवळ आहे, तर जावईबापू, इतक्या वर्षांत हिला एकदाही कसं नाही आणलं?”

मावसाजींनी माझ्याकडे पाहिले, आतून पाणी आण म्हणतील असे वाटले, पण ते बॅगेची चिठ्ठी सरळ करत राहिले.

“बाबा,” मावशी म्हणाली, “तेराव्यानंतर मी इथंच राहीन काही दिवस.”

किती दिवस, ते तिने सांगितले नाही. आणि नवऱ्याकडे पाहिलेही नाही.