वाणाची पुस्तकं

नव्या पुस्तकांच्या वासात थोडी शाई असते, थोडा डिंक असतो आणि बाकी काय असतं ते मला कधी ओळखता आलेलं नाही. दादरच्या त्या प्रदर्शनाच्या सभागृहात पौषातल्या दुपारी हा वास भरून राहिला होता. बाहेरच्या रस्त्यावरचा शेवंतीचा आणि भाजलेल्या तिळाचा गंध मधूनच आत यायचा आणि दारापाशीच घुटमळायचा. उंच खिडक्यांतून उतरणारं ऊन पांढऱ्या चादरी अंथरलेल्या लांब टेबलांवर तिरपं पडलं होतं, आणि त्या उन्हात पुस्तकांची कोरी मुखपृष्ठं अशी चमकत होती, की नाव वाचायला प्रत्येक वेळी मान वाकडी करावी लागत होती. माझ्यापासून चार हातांवर माझी सून केतकी उभी होती. लग्नानंतरची तिची ही पहिली संक्रांत, आणि हळदीकुंकवाला येणाऱ्या बायकांना या वेळी वाण म्हणून पुस्तकं द्यायची, असं तिनं ठरवलं होतं.

वाणाचा एक अलिखित नियम असतो: सगळ्यांना सारखं. स्टीलची वाटी असो, चहाची गाळणी असो की प्लॅस्टिकची डबी, शेजारणीच्या हातात जे पडलं तेच आपल्या हातात पडतं. देणारीचं मन त्यात कुठं दिसत नाही, आणि आपल्याविषयी कुणाला काय वाटतं याचा विचार करत घेणारीला घरी जावं लागत नाही. मला हा नियम नेहमीच शहाणपणाचा वाटत आला आहे. केतकीला मात्र प्रत्येकीसाठी वेगळं पुस्तक निवडायचं होतं. 'बघ बाई, तुझं तू ठरव,' एवढंच मी म्हटलं.

हे माझं नेहमीचं वाक्य. विम्याच्या कचेरीत माझी उभी हयात गेली, आणि तिथल्या टिपणांत 'मी' हा शब्द येत नसे. 'सादर करण्यात येत आहे', 'विचार व्हावा', 'हरकत नसावी' अशा वाक्यांत कुणी कर्ता नसतो, त्यामुळे कुणी दुखावतही नाही. घरीसुद्धा मी तशीच वागत आले, कुणाच्या अध्यात ना मध्यात. आणि लोक मला समजूतदार म्हणतात याचा मला थोडा अभिमानही होता. गेल्या महिन्यात जेवताना निखिलनं, माझ्या मुलानं, विषय काढला. ठाण्याला त्यांनी एक घर पाहिलं होतं, दोघांच्या ऑफिसांना सोयीचं. संक्रांतीनंतर काय ते नक्की करू म्हणाला. केतकी तेव्हा त्याच्याकडे नाही, माझ्याकडे बघत होती. 'तुमचं तुम्ही ठरवा, माझी काही हरकत नाही,' मी म्हटलं आणि आमटी वाढली. खरं तर त्यांनी जाणं मला नको होतं. ती घरात आल्यापासून फोनवरचं तिचं मोठ्यानं बोलणं, खुर्चीच्या पाठीवर टाकलेला तिचा ओला टॉवेल, आंघोळ करताना चाललेलं तिचं बेसूर गाणं, हे सगळं मला हवंहवंसं झालं होतं. पण हे सांगणं म्हणजे त्यांच्या पायात पाय घालणं, असं मला वाटलं.

प्रदर्शनात पहिलं टेबल लेखनकलेचं होतं. कथा कशी लिहावी हे सांगणारं पुस्तक शेजारच्या कथासंग्रहापेक्षा जाड होतं, आणि रोजनिशी कशी लिहावी हे शिकवणारं त्याहून जाड. पुढच्या टेबलावर चित्र कसं पाहावं, राग कसा ऐकावा, अक्षर कसं वळवावं, शिल्पाभोवती कसं फिरावं. आयुष्यभर डोळे-कान उघडे ठेवून वावरलेल्या माणसाला आपण काही पाहिलं-ऐकलंच नाही, असं वाटायला लावणारी ती रांग होती. आणि खिडकीजवळ, सर्वांत जास्त उन्हात, 'स्व'ची पुस्तकं. त्यांतली निम्मी स्वतःला शोधा म्हणत होती आणि निम्मी स्वतःला विसरा. मागे भगवं आकाश घेऊन डोळे मिटलेले काही लेखक आणि छातीशी हात बांधून हसणारे काही, सगळे एकाच चादरीवर गुण्यागोविंदानं पहुडले होते. त्या टेबलाशी गर्दीही सर्वांत जास्त होती. मी उगाच एक पुस्तक उघडलं. लहानपणी तुम्हाला कशात रमायला आवडायचं ते इथं लिहा, असं म्हणून त्यात खाली ओळी आखून ठेवल्या होत्या. मी काही वेळ त्या कोऱ्या ओळींकडे पाहिलं आणि पुस्तक मिटलं.

केतकीची पुस्तक निवडायची तऱ्हा पाहण्यासारखी होती. ती पुस्तक हातात घ्यायची, चाळायची, मग नजर वर करून क्षणभर कुठंतरी बघायची, जणू ती बाई समोरून चालत येते आहे. मग मान हलवून पिशवीत तरी टाकायची नाहीतर जागच्या जागी ठेवायची. परळची आमची इमारत चाळ होती तेव्हापासून मी तिथं राहते, आणि ही अँटॉप हिलच्या सरकारी वसाहतीत वाढलेली मुलगी परवा-परवा तिथं आली. तरी वरच्या मजल्यावरच्या परबवहिनींना काय वाचायला आवडेल असं मला कुणी विचारलं असतं, तर त्या वाती सुरेख वळतात, यापलीकडे मला काही सांगता आलं नसतं. अधूनमधून ती माझ्या बाजूला यायची, एखादं पुस्तक उचलायची, माझ्याकडे बघायची आणि हळूच परत ठेवायची. ती माझ्यासाठी शोधते आहे हे मला कळत होतं. मी दुसऱ्या टेबलाकडे वळत होते.

हळदीकुंकवाच्या संध्याकाळी पुरुषांना खाली पिटाळलं. केतकी काळी साडी नेसली होती, अंगावर हलव्याचे दागिने होते, आणि ती वाकली की हलव्याचा एखादा दाणा टपकन चादरीवर पडत होता. अत्तर, कुंकू आणि गुळाचा वास खोलीत मिसळला होता. बायका आल्या, तिळगूळ झाला, वाण हातात पडलं, आणि मला ज्याची भीती होती तेच झालं: प्रत्येकीनं शेजारणीचं पुस्तक आधी पाहिलं.

परबवहिनींना आठवणी कशा लिहाव्यात याचं पुस्तक मिळालं होतं. त्या कपाळाला हात लावून म्हणाल्या, "माका ह्या कित्याक गो? आता ह्या वयात मी काय लिवतलंय?"

"काकू, लिफ्टमध्ये तुम्ही तुमच्या आजोळचं सांगता ना, तर दर वेळी माझा मजला येतो आणि गोष्ट अर्धीच राहते," केतकी म्हणाली. "मला पुढचं हवंय."

परबवहिनी पुटपुटल्या, पण पुस्तक त्यांनी पदराखाली घेतलं.

दामलेबाईंचं मात्र बिनसलं. निवृत्त शिक्षिका, मुलगी परदेशात. केतकीनं त्यांना एकटेपणाशी मैत्री करायला शिकवणारं पुस्तक दिलं होतं. त्यांनी ते उलटं करून मांडीवर ठेवलं आणि वर्गात बोलावं तशा स्वच्छ आवाजात त्या म्हणाल्या, "मी एकटी आहे, हे चारचौघींत सांगायची काही गरज होती का?"

सगळ्यांच्या नजरा केतकीकडे वळल्या. तिच्या जागी मी असते तर ओशाळून स्वयंपाकघरात गेले असते. केतकी लाल झाली, पण जागची हलली नाही. "चुकलं माझं, काकू. उरलेल्यांतलं तुम्हीच घ्या ना," असं म्हणत तिनं शिल्लक पुस्तकं त्यांच्यापुढं मांडली. दामलेबाईंनी ती एक एक करून पाहिली, नापसंतीनं बाजूला सारली, आणि राग ऐकायला शिकवणाऱ्या पुस्तकाशी त्यांचा हात थांबला. लग्नाआधी त्या गाणं शिकत होत्या, हे आम्हाला तेव्हा कळलं. इतक्या वर्षांत कुणी विचारलं नव्हतं आणि त्यांनी सांगितलं नव्हतं. मग त्यांनी गळा साफ करून दोन ओळी म्हणूनही दाखवल्या. आवाज थरथरत होता, पण सूर जागेवर होता.

सगळ्या गेल्यावर केतकीनं मला वाकून नमस्कार केला आणि हातावर तिळगूळ ठेवला. वाण दिलं नाही. मला वाईट वाटलं, अगदी लहान मुलीला वाटावं तसं. पण मी पेले गोळा करू लागले.

"आई, तुमच्यासाठी पुस्तक नाही मिळालं," तीच म्हणाली.

"असू दे गं."

"असू दे काय? परबकाकू बोलल्या, दामलेकाकू चिडल्या, म्हणून मला निदान कळलं तरी. तुमच्या बाबतीत चुकलं असतं, तर तुम्ही छान आहे म्हणून कपाटात ठेवलं असतं. मला कधीच कळलं नसतं."

तिच्या आवाजात राग नव्हता. एखादी वस्तू दुकानात मिळाली नाही, हे घरी येऊन सांगावं तसं ती सांगत होती, आणि म्हणूनच ते मला जास्त लागलं. मी ज्याला समजूतदारपणा म्हणत आले, तो दुसऱ्या बाजूनं कसा दिसत असेल, हे मी कधी पाहिलंच नव्हतं. ठाण्याचा विषय निघाला तेव्हा जेवताना ती माझ्याकडे का बघत होती, तेही मला आत्ता उमगत होतं. तिला परवानगी नको होती, मला काय वाटतं ते हवं होतं. खाली अंथरलेली चादर आम्ही दोघींनी उचलली. चादरीच्या सुरकुत्यांतून हलव्याचे दाणे जमिनीवर घरंगळले.

"ठाण्याचं ते घर मला आवडलेलं नाही," मी म्हटलं.

"तुम्ही पाहिलंय कुठं?"

"न पाहताच."

इतकं अन्यायाचं मत मी आयुष्यात पहिल्यांदाच देत होते. केतकी हसली नाही. चादरीची दोन टोकं हातात धरून ती तशीच उभी राहिली.

"अजून सांगा," ती म्हणाली.

अजून काय सांगायचं आहे, हे मला ठाऊक नव्हतं. तरी मी बोलायला लागले.