कोरडी हवा

पेंटर दुकानात आले की आधी हवेतच गाडीचं एक दार रंगवायचे. काउंटरवरची रिकामी स्प्रे गन उचलायची, मनगट ताठ धरायचं आणि डावीकडून उजवीकडे हात सरळ न्यायचा. मग जरा खाली येऊन परत उजवीकडून डावीकडे. समोर जो कोणी गिऱ्हाईक उभा असेल तो आपोआप बाजूला सरकायचा. दार पुरं झालं की गन खाली ठेवून म्हणायचे, "जड हाय. दुपारपतूर हात भरून येतोय."

मी शाहूपुरीत स्प्रे गन आणि कॉम्प्रेसर विकणाऱ्या एका दुकानात काउंटरला असतो. त्यांना तिथं सगळे पेंटरच म्हणायचे. मला ते शेवटपर्यंत 'पावणं' म्हणत राहिले. मी मूळचा गडहिंग्लजचा, एवढंच त्याचं कारण.

त्यांची उमेदीची वर्षं एका मोठ्या वर्कशॉपमध्ये गाड्या रंगवण्यात गेली. मग तिथं रंगासाठी गरम हवेची बंद खोली आली आणि ती चालवायला शिकलेली पोरं आली. मालकानं पेंटरना गाड्या धुवायला सांगितलं. त्यांनी एक दिवस गाड्या धुतल्या. दुसऱ्या दिवशी ते आमच्याकडं आले आणि म्हणाले, "आता घरीच रंगाचं काम लावायचं म्हणतोय. दाखवा काय काय हाय."

आमच्या शेठनी त्यांच्यापुढं सगळ्यात चकचकीत परदेशी गन ठेवली आणि शेजारी एक छोटा, चाकांचा कॉम्प्रेसर. बहुतेक लोक हेच घेतात. तुम्हीही गेलात तर तुमचं लक्ष आधी गनकडंच जाईल. पेंटरनी गनकडं बघितलंही नाही. खाली बसून त्यांनी कॉम्प्रेसरच्या टाकीवर बोटं वाजवली.

"बॉनेटच्या मध्यातच दम टाकंल हे," ते म्हणाले. "हवा कमी पडली की गन थुकाय लागती. मग कितीबी भारी असू दे."

शेवटी त्यांनी मध्यम गन घेतली, वर रंगाची वाटी असलेली, आणि मोठ्या टाकीचा कॉम्प्रेसर. त्यांचं घर राधानगरी रस्त्याला. पावसाळाभर तिथं भिंतींनासुद्धा ओल असते. ओल्या हवेतलं पाणी नळीतून रंगात आलं की रंगावर फोड येतात. म्हणून त्यांनी पाणी धरणारे फिल्टर घेतले, एक टाकीजवळ लावायला आणि एक गनजवळ. "हवा कोरडी पायजे," हे त्यांचं वाक्य आमच्या दुकानात सगळ्यांना पाठ झालं होतं. चहा आला तरी ते म्हणायचे, "चहा ओला चालंल, हवा कोरडी पायजे."

त्याच वेळी मी त्यांना मास्क दाखवला. कडक वाळावा म्हणून हार्डनर घातलेला रंग नुसता वास मारत नाही, छातीत बसतो. डब्यावरच तोंडाला मास्क लावलेल्या माणसाचं चित्र असतं. मी ते चित्र त्यांच्यापुढं धरलं. त्यांनी चष्मा वर करून नीट बघितलं.

"ह्यो बाहेरच्या देशातला दिसतोय," ते म्हणाले. "त्येला सवय न्हाय. आमी रुमालावर काढली की इतकी वर्सं. पुढच्या खेपेला बघू."

कॉम्प्रेसर बसवायला मी त्यांच्या घरी गेलो होतो. घरामागं पत्र्याची शेड, मागचा पत्रा सोडून आतून प्लास्टिक लावलेलं, धूळ बसावी म्हणून जमिनीवर पाणी मारलेलं. नळी त्यांनी मुद्दाम लांबून, वर चढवून आणली होती, म्हणजे पाणी मागंच राहील. मग नाकाला ओला रुमाल बांधला आणि एका जुन्या गाडीचं दार रंगवलं. दुकानात जसा हात फिरायचा तसाच. वहिनी शेडच्या तोंडाशी पदर नाकाला लावून उभ्या होत्या. मला हळूच म्हणाल्या, "भाऊजी, तुमी तरी सांगा की त्यास्नी. माझं कोण ऐकतंय?"

मी परत सांगितलं. पेंटर दाराकडंच बघत होते. रंगात ट्यूबलाइटचं प्रतिबिंब पडलं होतं. "बघा, ट्यूब कशी सरळ दिसतीय," ते म्हणाले. मास्कचं तसंच राहिलं. पण तो चेहरा आनंदी होता, हे खोटं कशाला सांगू? गाड्या धुवायला लावलेला माणूस स्वतःच्या शेडमध्ये उभा होता.

गाड्या येऊ लागल्या. वर्कशॉपची जुनी गिऱ्हाइकंही गुपचूप त्यांच्याकडं यायची. दोनेक वर्षं बरी गेली. मग खोकला सुरू झाला. आधी पावसाची हवा म्हणाले, मग तंबाखू म्हणाले, तंबाखू सोडलीसुद्धा. एकदा काउंटरला टेकून दम घेत होते तेव्हा स्वतःच म्हणाले, "पावणं, एक गंमत हाय. काम नसलं की मी बरा असतोय."

ती गंमत डॉक्टरना लगेच कळली. त्यांनी सांगितलं, छातीनं आता ह्या रंगाशी वैर धरलंय, थोडासा गेला तरी दम लागणार, धंदा बंद करा. पेंटर दवाखान्यातून घरी न जाता सरळ आमच्याकडं आले. त्या दिवशी त्यांनी हवेत दार रंगवलं नाही.

"मास्क काढा," म्हणाले. "भारीतला."

"डॉक्टर काय म्हणाले?" मी विचारलं.

"त्ये म्हणत्यात बंद करा. बंद करून काय करू, परत गाड्या धुऊ व्हय?"

मी म्हटलं, आता मास्कचाही भरवसा नाही, डॉक्टरना विचारून घ्या. ते पैसे मोजून मास्क घेऊन गेले. दोन दिवसांनी त्यांनी तो लावून एक पांढरी गाडी रंगवायला घेतली. संध्याकाळी वहिनींचा फोन आला. पेंटरना रिक्षात घालून दवाखान्यात नेलं होतं.

ते वाचले, पण शेडमध्ये पाऊल टाकायचं बंद झालं. पांढरी गाडी तिचा मालक अर्धवट रंगवलेली घेऊन गेला. जाताना ओरडला, माझा वेळ घालवला म्हणून. पेंटर खाटेवरून ऐकत होते.

मग कॉम्प्रेसर आणि गन विकायला काढली. मी गिऱ्हाइकं पाठवत होतो. पेंटर प्रत्येकाला खाटेजवळ बसवून टाकी, फिल्टर, नळी सगळं समजावायचे. शेवटी विचारायचे, "मास्क हाय का?" नाही म्हटलं की विकायला नकार. एकानं तर हसत सांगितलं, "मामा, आमाला सवय हाय." पेंटरनी त्याला घराबाहेर काढलं. आवाज चढला आणि दम लागला. मग वहिनी मला म्हणाल्या, "आता कुणाला पाठवू नगा."

पुढच्या पावसाळ्यात ते गेले. दहा दिवस झाल्यावर वहिनींनी तो सगळा सेट विकला. घेणाऱ्याला मास्कचं विचारलं का, असं मी त्यांना विचारणार होतो. त्यांचा चेहरा बघून विचारलं नाही. पेंटरच्या जुन्या वर्कशॉपमधलं दुःखाला कोणी आलं नाही. मालकानं माणसाकरवी एक हार पाठवला होता, एवढंच.

मी आजही तेच विकतो. गिऱ्हाईक रंग फुटू नये म्हणून दोन-दोन फिल्टर मागतं. मास्क सगळ्यात वरच्या फळीवर असतात. मी ते काढून दाखवतो, लोक आत्ता नको म्हणतात, मी परत ठेवतो. शेठ म्हणतात, कशाला वेळ घालवतोस.

परवा त्या बाजूला कामाला गेलो होतो म्हणून वहिनींना भेटलो. शेडमध्ये आता शेजाऱ्याची म्हैस बांधतात. मागच्या पत्र्यावर मात्र उभे लांबट ठिपके दिसत होते, लाल, निळे, चंदेरी, एकाशेजारी एक. प्रत्येक गाडीला हात लावण्याआधी, आणि मधे वाटीत नवा रंग भरला की परत, पेंटर गन तिथं मारून बघायचे. शेवटचा पांढरा होता. वर नीट उमटलेला, मग तिरका होत जमिनीपर्यंत घसरत आलेला.

वहिनींनी वैरणीची पाटी खाली ठेवली आणि त्या पांढऱ्यावरून नख ओढलं.

"घासून बघितलं मी," त्या म्हणाल्या. "राकेल लावलं, पॉलिश पेपर मारला. निघत न्हाय. त्येंचं काम पक्कं."